कापडाखालचा कॉम्प्युटर

आज घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरच्या आठवणी काढू या.

आम्ही नवी मुंबईतल्या बचत गटाच्या बायका. सिडकोच्या छोट्या घरांत वाढलो. २००० सालाच्या आसपास कोणाकडे कॉम्प्युटर आला की अख्खी बिल्डिंग बघायला जायची. हळदीकुंकू वाहून, नारळ फोडून त्याची पूजा व्हायची. काम झालं की वर भरतकामाचं कापड. पेंटमध्ये घर-झाड काढायचं, पत्त्यांचा डाव मांडायचा, आपलं नाव टाइप करायचं, एवढंच. जपून ठेवायचं ते फ्लॉपीवर. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा बहुधा त्यात मावणार नाही.

त्याआधीचे कॉम्प्युटर तर आणखी साधे. १९८२ साली इंग्लंडमध्ये निघालेला झेडएक्स स्पेक्ट्रम घरच्या टीव्हीला जोडायचे आणि त्याचे प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर असायचे. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, त्यात बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर होते. बटण दाबलं की लगेच तयार. ना पासवर्ड, ना ओटीपी.

‘किती सोपं होतं तेव्हा!’ असं बैठकीत बोलणं चाललं होतं. तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, “सोपं होतं गं, पण खुर्चीवर बसायचं कोण?” सगळ्या गप्प. बसायचा भाऊ. आम्ही धूळ पुसायचो.

आमची पाळी पुढे आली. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी कोर्स तालुक्या-तालुक्यात पोचला. सरकारी नोकरीला लागतो म्हणून घरच्यांनी मुलींचीही फी भरली. माऊस पहिल्यांदा हातात आला तो तिथे.

म्हणून जुनं सगळं चांगलं होतं असं आम्ही म्हणणार नाही. एक गोष्ट मात्र चांगली होती. आपलं काय कुठे ठेवलंय ते माहीत असायचं. फ्लॉपी कपाटात आणि कपाटाची किल्ली आपल्याकडे.

गेल्या वर्षी आमच्या गटाचा हिशोब एकाच ताईंच्या फोनवर होता. फोन बिघडला, पासवर्ड आठवेना. चार महिन्यांच्या नोंदी गेल्या. कुजबुज सुरू झाली, त्या ताई बैठकीत रडल्या. शेवटी पासबुक आणि बायकांनी घरी लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवरून पै न् पै जुळली. पण त्याला तीन बैठका लागल्या, आणि ताईंचं दुखावलेलं मन सावरायला त्याहून जास्त.

आता हिशोब दोघींच्या फोनवर असतो, शिवाय वहीत. दर बैठकीत नोंदी मोठ्याने वाचतो, मगच सह्या. ओटीपी कोणालाच सांगत नाही.

तुमच्या गटात फोनला हात लावायला घाबरणारी एखादी मैत्रीण असेलच. पुढच्या बैठकीत पहिली नोंद तिच्या हातून करून घ्या.