द्रव स्फटिकाच्या थेंबाची गती

प्राग येथील जर्मन विद्यापीठात वनस्पतींच्या शरीरक्रियेचा अभ्यास करणारा फ्रीड्रिख राइनिट्झर १८८८ साली कोलेस्टेरॉलपासून सिद्ध केलेले एक संयुग तापवीत असता, ते १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाले आणि १७८.५ अंशांना तोच गढूळपणा एकाएकी लोपून द्रव निर्मळ झाला. एकाच शुद्ध पदार्थाला दोन द्रवणांक असावेत हे त्याच्या बुद्धीला पटेना, आणि विषय आपल्या अधिकारातला नाही हे ओळखून त्याने नमुन्यांसह सविस्तर पत्र ओटो लेमान या पदार्थवैज्ञानिकाकडे रवाना केले.

लेमानजवळ असा सूक्ष्मदर्शक होता की ज्याखाली पदार्थ तापविता येई आणि ध्रुवित प्रकाशात न्याहाळताही येई. त्या यंत्राखाली त्याला वाहणारा, थेंबाचा आकार घेणारा, तरीही स्फटिकाप्रमाणे प्रकाशाचे विभाजन करणारा द्रव, म्हणजेच द्रव स्फटिक, दिसला. गुस्टाव टामानसारख्या रसायनज्ञाने हा केवळ दोन पदार्थांचा अपुरा मिलाफ आहे अशी तक्रार दीर्घकाळ चालविली; पण लेमान थेंबांपासून ढळला नाही. १९०० साली त्याने नोंदविले की काचेवरच्या अशा थेंबांना एका बाजूने उष्णता दिली असता त्यांच्यातील नक्षी संथपणे, एकाच दिशेने फिरू लागते. या गतीने आणि थेंबांच्या परस्परांत मिसळण्या-विभागण्याने तो इतका भारावून गेला की १९०७ साली त्याने सजीव भासणाऱ्या स्फटिकांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याच्या निरीक्षणात खोट नव्हती. मात्र थेंब हलतो त्याचे कारण थेंबाच्या पोटातच असले पाहिजे, ही त्याची ओढ मला अपुरी वाटते. थेंबातील रेणूंचा क्रम आणि बाहेरून येणारी प्रेरणा, या दोहोंचा संयोग घडल्यावाचून गती संभवत नाही. आणि फिरणाऱ्या नक्षीचा जो सैद्धांतिक खुलासा लेस्ली या शास्त्रज्ञाने १९६८ साली मांडला, त्यातही उष्णतेचा प्रवाह आणि आरशातील प्रतिबिंबाशी न जुळणारी रेणूंची रचना ही दोन्ही कारणे एकत्र येतात.

मधल्या काळात थेंब मागे पडला आणि काचांमधला पातळ थर पुढे आला. लेनिनग्राडमध्ये व्सेवोलोद फ्रेडेरिक्स याने १९२७ च्या सुमारास दाखवून दिले की अशा थरातील रेणू चुंबकीय क्षेत्राने वळविता येतात, आणि थर जितका जाड तितके त्यासाठी लागणारे क्षेत्र कमी. या शोधकाला पुढे राजकीय अटकेत वर्षे कंठावी लागली आणि १९४४ साली त्याचा अंत झाला, ही विज्ञानाच्या दफ्तरातील एक विषण्ण नोंद होय. वळणाऱ्या थराच्या याच तत्त्वावर पुढे घड्याळांचे आणि गणकयंत्रांचे दर्शक उभे राहिले.

थेंबाला विद्युतक्षेत्राने हलविणे मात्र अवघड होते. प्रभाररहित थेंब एकसारख्या क्षेत्रात जागचा हलत नाही, कारण त्याच्या दोन टोकांवरील ओढी परस्परांना निष्फळ करतात. ज्या पृष्ठभागावर प्रभार विषम पसरलेला असतो तेथे क्षेत्र जागोजागी बदलते आणि थेंब प्रबळ क्षेत्राकडे खेचला जातो. शिवाय सामान्य द्रव स्फटिकात रेणू आगपेटीत उलटसुलट भरलेल्या काड्यांसारखे असतात, अर्ध्यांची गुले इकडे, अर्ध्यांची तिकडे, त्यामुळे त्यांचे विद्युतध्रुवण परस्परांत नाहीसे होते. सर्व गुले एकाच बाजूस असलेला द्रव संभवतो, असे माक्स बोर्न याने १९१६ साली सांगितले होते. परंतु त्या अनुमानाला साकार होण्यास शतक लागले. असे पदार्थ २०१७ साली पुढे आले, आणि २०२० साली कोलोरॅडोतील बोल्डर येथील संशोधकांनी त्यांच्या ध्रुवीय स्वरूपाविषयीचा संशय दूर केला.

मग इटलीतील अँकोना येथील प्रयोगकर्त्यांनी बोल्डरच्या सहकार्याने या द्रवाचे थेंब लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर ठेवले. हा स्फटिक थंड होताना त्याच्या पृष्ठावर आपोआप प्रभार प्रकट होतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते ते असे: थेंब थंड होऊन ध्रुवीय अवस्थेत शिरताच त्याच्या कडेवर प्रभार दाटतो, पृष्ठताण त्याला गोल राखू पाहतो, आणि मर्यादा ओलांडली की थेंबातून द्रवाच्या बारीक धारा उसळून तो फुटतो. प्रभारित थेंबाच्या अशा मर्यादेचे गणित लॉर्ड रेले याने १८८२ सालीच मांडून ठेवले होते. लिथियम नायोबेटचा हाच स्फटिक लोहाचा अंश घालून घडविला, तर प्रकाश पडेल तेवढ्याच जागी प्रभार उपजतो. म्हणून तार, नळी किंवा पंप यांची तजवीज न करता केवळ प्रकाशकिरणाने विद्युतक्षेत्र उभारता येते आणि थेंबाला पृष्ठावर चालविता येते.