पोलीस प्रशिक्षण मानके कायदा, कॅलिफोर्निया

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पोलीस भरती व प्रशिक्षणाचे किमान निकष ठरवणारी कायदेशीर व्यवस्था. तेथील पोलीस दले मुख्यतः शहरे व काउंट्यांच्या अखत्यारीत. ऑगस्ट व्होल्मर यांनी बर्कलीत १९०८ मध्ये पोलीस शाळा काढली. राज्याचा मानक आयोग मात्र १९५९ च्या कायद्याने आला. तो ‘पोस्ट’ या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो.

निकष पाळण्याची हमी देणारी दले आयोगाच्या कार्यक्रमात सामील होतात. प्रबोधिनीचा अभ्यासक्रम आयोगाने प्रमाणित केलेला असावा लागतो. मूलभूत अभ्यासक्रम किमान ६६४ तासांचा असून त्यात अटकेचे कायदे, शस्त्रे, बळाचा वापर, अहवाललेखन असे विषय येतात.

व्यवस्थेतील मोठी उणीव २०२१ मध्ये दूर झाली. तोवर गैरवर्तनावरून बडतर्फ झालेला अधिकारी दुसऱ्या शहरात पुन्हा वर्दी चढवू शके, कारण प्रमाणपत्र काढून घेण्याचा अधिकार आयोगाला नव्हता. गार्डेना येथे २०१८ मध्ये पोलीस गोळीबारात मृत्युमुखी पडलेल्या केनेथ रॉस यांच्या नावाच्या कायद्याने तो मिळाला आणि जानेवारी २०२३ पासून लागू झाला. निकष केवळ प्रवेशापुरते राहिले नाहीत, हे या दुरुस्तीचे खरे मोल. अशा प्रकरणांत शिफारस करणारे सल्लागार मंडळ नऊ सदस्यांचे आहे. त्यातील दोन जागांसाठी पोलिसी बळाचा अन्याय्य वापर सोसलेल्या व्यक्तींचा किंवा मृतांच्या नातलगांचा प्राधान्याने विचार होतो.