कौन्सिल हॉलमधले कामगारांचे आमदार

दर १४ एप्रिलला आपल्या वस्तीतले लोक पुणे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला जातात. तिथून थोडं चाललं की कौन्सिल हॉल लागतो. आपण बहुतेक जण त्याच्यावरून सरळ पुढे निघून जातो, आम्हीही कित्येक वर्षं तसेच गेलो. इंग्रजांच्या काळी मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचे पावसाळी अधिवेशन पुण्यात भरत असे. बाबासाहेब कामगारांसाठी भांडले ते पुष्कळसे इथे, आपल्याच गावात.

राज्यघटना आणि धम्मदीक्षा आपल्या घरातल्या लहान पोरालाही पाठ आहे. पण बाबासाहेब आमदार होते, मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ त्यांनी उभा केला, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि आपल्या घरांत तर कोणी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी महापालिकेच्या सफाई खात्यात घाम गाळून संसार केलेले!

१९२७ पासून ते कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद होते. २८ जुलै १९२८ रोजी गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी, या बिलाच्या बाजूने ते बोलले. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, तेव्हा तिचा बराचसा भार सरकारने उचलावा, पण तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही आपला वाटा दिलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. कायदा दुसऱ्या वर्षी झाला.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाच्या नावात जात नाही, मजूर आहे, हे ध्यानात घ्यावे. १९३७ च्या निवडणुकीत १७ उमेदवार उभे केले, त्यांतले बहुतेक निवडून आले. नाशिकचे दादासाहेब गायकवाड त्यांत होते, आपल्या पुणे जिल्ह्यातून राजाराम भोळे, जे पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. स्वतः बाबासाहेब भायखळा-परळ भागातून जिंकले ते काँग्रेसच्या पी. बाळू यांना हरवून. हे बाळू म्हणजे नामांकित गोलंदाज पळवणकर, चांभार समाजातले. पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्यावर मैदानाची कामं करता करता ते क्रिकेट शिकले होते. दोघांच्या मतांत फरक सुमारे दोन हजारांचा. म्हणजे निवडणूक काही सोपी गेली नव्हती.

१७ सप्टेंबर १९३७ ला पुण्याच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी कोकणातली खोती बंद करण्याचे बिल मांडले. त्यासाठी जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर गेला. बिल मात्र पास झाले नाही. खोती जायला स्वातंत्र्य उजाडावे लागले.

पण खरी लढाई पुढच्या वर्षीची. खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे बिल आणले. संप करायचा तर आधी नोटीस, मग समेटाची लांबलचक वाट, ती पुरी व्हायच्या आत काम बंद केलं की तुरुंग. १५ सप्टेंबर १९३८ ला बाबासाहेब उठले. नोकरीचा करार मोडला तर फार तर दिवाणी दावा होईल, तो गुन्हा कसा होतो, असे त्यांनी विचारले. ज्याला काम सोडायची मुभा नाही तो गुलाम, आणि संपाचा हक्क म्हणजेच स्वातंत्र्याचा हक्क, ही त्यांची मांडणी. मालकाची मर्जी सांभाळणाऱ्या युनियनलाच मान देणाऱ्या कलमांवरही त्यांनी झोड उठवली.

आता इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत विणकर खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याचा उष्टा दोरा बाकीच्यांना चालत नसे. पगार जास्त तो त्याच खात्यात. आणि आपल्या लोकांना दूर ठेवणारे कोण, तर सोबतचे कामगारच! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना याचा जाब विचारला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी बजावले. तरीही त्या सगळ्या कामगारांच्या संपाच्या हक्कासाठी ते उभे राहिले. आमच्या मते त्यांच्या आमदारकीतले सर्वांत अवघड काम हेच. अपमान विसरून नव्हे, तो बोलून दाखवून ते उभे राहिले.

बिल बहुमताने पास झालेच. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. एरवी ज्यांच्याशी वाद, त्या डांगे वगैरे कम्युनिस्टांबरोबर बाबासाहेब त्या दिवशी एका बाजूला होते. पोलिसांचा गोळीबार झाला. पुढच्या वर्षी काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि विधानसभेचे काम थंडावले. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद म्हणून दिल्लीला गेले, ती हकीगत वेगळी.

ही भाषणे महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात आहेत. खंड इंग्रजीत आहे. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी कोणी रविवारच्या वंदनेनंतर त्यातले सप्टेंबर १९३८ चे भाषण मराठीत वाचून सांगितले, तर आमच्यासारखी रिटायर झालेली मंडळी पुढच्या रांगेत बसून ऐकतील.