मेघनेकाठची पटकी : प्रस्तावना

पटकीने माणूस दगावतो तो अंगातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. लागण जोराची असली तर तासाला लिटरभर पाणी जुलाबावाटे जाते आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळ पाहत नाही. उपाय मात्र साधा आहे. मीठ-साखर-पाणी वेळेवर पोटात गेले, फारच खालावलेल्याला सलाईन मिळाले, तर शंभरात एकही रुग्ण जाऊ नये. तरी साथी येतच राहतात. या विषयात नव्याने येणाऱ्या अभ्यासकाने हे कोडे पहिल्या दिवसापासून सोबत ठेवावे.

ते उलगडायला बांगलादेशासारखी दुसरी जागा नाही. ढाक्याच्या आग्नेयेला, मेघनेच्या खोऱ्यातल्या मतलब भागात १९६०च्या दशकापासून गावोगावच्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली जाते. तिथल्या रुग्णालयातली खाट नवख्याने नीट पाहावी : मधोमध भोक, खाली बादली. बादलीत जितके साचेल तितके रुग्णाच्या पोटात परत घालायचे. उपचाराचे सारे गणित त्या मोजमापात आहे.

१९७१च्या बांगलादेश मुक्तियुद्धात, सीमेपलीकडे भारतातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. पुढे १९८०च्या दशकात ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि आयांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी शिकवून आल्या. आईच्या किती लक्षात राहिले, यावर त्यांचा मेहनताना ठरे. सार्वजनिक आरोग्यात इतकी प्रामाणिक कसोटी मला क्वचितच आढळली आहे.

उपचार असा घरात पोचला. साथ रोखणे मात्र पाण्यापाशी अडते. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात. म्हणून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलबमध्ये जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळून प्यायला लावले. लागण जवळपास निम्म्याने घटली. तळ्याचे पाणी टाळावे म्हणून कूपनलिका खणल्या, तर कितींच्या तरी पाण्यात आर्सेनिक निघाले. ढाक्याच्या वस्त्यांत नळाचा दाब गेला की फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते. तोंडावाटे देण्याची लस आहे आणि ती उपयोगी आहे, पण तिचा प्रभाव काही वर्षांतच ओसरतो. तिच्या भरवशावर नळ आणि गटारे लांबणीवर टाकणे मला अक्षम्य वाटते.

डॉक्टरांइतकेच हे पुस्तक अभियंत्यांचे, समाजशास्त्रज्ञांचे आणि पालिकेत काम करणाऱ्यांचेही आहे. जंतुशास्त्राची तयारी नसलेल्यांनी पाणीपुरवठ्याच्या प्रकरणापासून वाचायला लागावे. काही अडणार नाही.