पिनबॉलचें यंत्र आणि घरचा संग्रह

साठवण करणें आणि संग्रह करणें या दोन क्रिया वरवर सारख्या दिसल्या, तरी त्यांत मोठा भेद आहे. साठवण करणारा हातीं येईल तें ठेवून घेतो. संग्राहकास मात्र पुष्कळदां 'नको' म्हणावें लागतें. मुंबईच्या उपनगरांत, मग तें अंधेरी-बोरिवली असो कीं घाटकोपर-मुलुंड असो, हा भेद फार लवकर ध्यानांत येतो; कारण तेथील घरांत वस्तूची पहिली परीक्षा तिच्या सौंदर्याची नसून लांबीरुंदीची असते. आमच्या मुलुंडच्या घरीं जुन्या खेळांचा एक लहानसा संग्रह आहे : सारीपाटाचा कापडी पट, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचीं १२० पानें, कॅरमची एक जुनी फळी आणि खिळे ठोकलेलें एक बॅगाटेल. या पंक्तींत पिनबॉलचें एक यंत्र बसवावें, असा विचार घरांत कांहीं दिवस चालला आहे. जागा एकाच यंत्रापुरती आहे. तेव्हां कोणतें यंत्र घ्यावें, हा प्रश्न केवळ आवडीवर न सोडतां इतिहासास विचारून पाहावा, असें आम्हांस वाटलें.

या खेळाची वंशावळ बिलियर्डपाशीं सुरू होते. बिलियर्डचें मेज अरुंद करून, त्याच्या एका टोकास खळगे पाडून व खुंट्या उभ्या करून फ्रान्समध्यें एक सुटसुटीत खेळ निघाला. सन १७७७ मध्यें सोळाव्या लुईचा धाकटा भाऊ, आर्त्वाचा काउंट, यानें पॅरिसजवळच्या आपल्या बागाटेल नामक वाड्यांत राजाराणीस मेजवानी दिली, त्या प्रसंगीं हा खेळ पुढें आला आणि वाड्याचेंच नांव त्यास चिकटलें, अशी परंपरागत समजूत आहे. पुढील मोठा फेरबदल १८७१ सालचा. अमेरिकेंतील सिन्सिनाटी येथें राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्ह या इंग्रज गृहस्थानें बॅगाटेलमधील सुधारणांचें पेटंट मिळविलें. काठीनें गोळी ढकलण्याऐवजीं स्प्रिंगचा दट्ट्या आला, फळी कलती झाली आणि गोळ्या लहान झाल्या. सुटीच्या दिवसांत आपल्याकडील मुलें ज्या खिळ्यांच्या फळीवर गोळ्या उडवीत, ती फळी याच शाखेची. आमच्या संग्रहांतील बॅगाटेल दिसावयास गरीब असलें, तरी पिनबॉलच्या घराण्यांत त्याचें नातें आजोबांचें आहे.

नातवाचा जन्म झाला तो मंदीच्या काळांत. १९३१ सालीं शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबनें 'बॅफल बॉल' हें यंत्र बाजारांत आणलें. त्याची किंमत साडेसतरा डॉलर होती आणि सुमारें ५०,००० यंत्रें खपलीं. ज्या दिवसांत मनुष्याच्या खिशांत करमणुकीसाठीं एखाद्या सेंटापलीकडे कांहीं उरत नव्हतें, त्या दिवसांत दुकानाच्या मेजावर मावणारें हें यंत्र लोकांस परवडलें, आणि दुकानदारासही परवडलें. दुसऱ्याच वर्षीं रेमंड मोलोनीनें 'बॅलीहू' काढलें. त्या यंत्राच्या नांवावरूनच बॅली कंपनीचें नांव पडलें. पुढें १९३३ च्या 'काँटॅक्ट' यंत्रांत वीज आली. यंत्र हलवून गोळीस वळविणाऱ्या खेळाडूंस आवर घालण्याकरितां हॅरी विल्यम्सनें 'टिल्ट'ची युक्ति काढली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धांत गोळीस उलट धक्का देणारे बंपर आले.

तथापि या साऱ्या यंत्रांत एक उणीव होती. दट्ट्या सोडून गोळी एकदां वर गेली, कीं पुढें खेळाडूच्या हातीं फारसें कांहीं राहत नसे. गोळी खिळ्यांवर आपटत खालीं यावयाची आणि मनुष्यानें ती पाहत उभें राहावयाचें. ज्या खेळांत कर्तृत्व थोडें आणि अपेक्षा फार, त्याच्या भोंवतीं पैज व बक्षीस जमावयास वेळ लागत नाहीं. कांहीं यंत्रें तर रोख पैसेच देऊं लागलीं. परिणामीं १९४२ च्या जानेवारींत न्यूयॉर्कचे नगराध्यक्ष ला गार्डिया यांनीं त्या शहरांत पिनबॉलवर बंदी आणली. पोलिसांनीं हजारों यंत्रें जप्त केलीं, आणि स्वतः नगराध्यक्ष हातोड्यानें यंत्रें फोडीत असल्याचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं. ज्या शिकागोंत हीं यंत्रें तयार होत, त्या शिकागोंतही तीं खेळण्यास दीर्घकाळ मनाई होती.

हा वाद आपणांस परका वाटण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या १८८७ सालच्या जुगारप्रतिबंधक कायद्यानें निव्वळ कौशल्याचे खेळ आपल्या कक्षेबाहेर ठेविले आहेत. कौशल्य कोठें संपतें आणि दैव कोठें सुरू होतें, हें ठरविणें मात्र सोपें नाहीं. १९५७ सालीं चमारबागवाला यांचे खटले सर्वोच्च न्यायालयापुढें आले, तेव्हां शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांच्या निमित्तानें हाच प्रश्न चर्चिला गेला. आणि ज्या स्पर्धेंत यश बऱ्याच अंशीं कौशल्यावर अवलंबून असतें ती जुगाराहून निराळी, असा भेद न्यायालयानें केला. शब्दकोडें आणि खिळ्यांची फळी यांत बाह्यतः कांहींच साम्य नाहीं. परंतु कायद्यानें दोघांसही विचारलेला प्रश्न एकच होता : जिंकणारा जिंकतो तो कशाच्या बळावर?

पिनबॉलनें या प्रश्नास जें उत्तर दिलें, तें युक्तिवादानें नव्हे, तर यंत्ररचनेनें. १९४७ सालीं गॉटलिब कंपनीच्या हॅरी मॅब्स यांनीं 'हंप्टी डंप्टी' या यंत्रांत सहा फ्लिपर बसविले. फ्लिपर म्हणजे बाजूचें बटण दाबतांच उसळणारा लहानसा दांडा. दुसऱ्या वर्षीं स्टीव्ह कोर्डेक यांनीं 'ट्रिपल अ‍ॅक्शन'मध्यें दोनच फ्लिपर ठेवून ते फळीच्या तळाशीं आणले, आणि पुढें तीच रचना रूढ झाली. बोटभर लांबीच्या त्या दांड्यानें खेळाचें स्वरूप पालटलें. गोळी खालीं येणें ही आतां केवळ शेवटाची सूचना राहिली नाहीं. ती खेळाडूस मिळालेली संधि झाली. तरीही कायद्याची समजूत पटण्यास एकोणतीस वर्षें लागलीं. १९७६ सालीं न्यूयॉर्कच्या नगरसभेच्या समितीपुढें रॉजर शार्प या तरुण लेखकानें प्रत्यक्ष खेळून दाखविलें. मुख्य यंत्राविषयीं शंका घेतली गेल्यामुळें त्यास राखीव यंत्रावर खेळावें लागलें. गोळी कोणत्या वाटेनें उतरेल हें त्यानें आधीं सांगितलें, दट्ट्या ओढून सोडला, आणि गोळी त्याच वाटेनें उतरली. बंदी उठली. त्या एका फटक्यांत दैवाचाही वांटा होता असें पुढें खुद्द शार्पनेंच मोकळेपणीं सांगितलें, हा या कथेंतील आम्हांस सर्वांत आवडणारा भाग आहे.

त्याच सुमारास यंत्राच्या पोटांतून रिले व चाकें जाऊन त्यांच्या जागीं सूक्ष्म-प्रक्रियक येऊं लागले. पुढें यंत्रें बोलूं लागलीं, गाऊं लागलीं. १९९२ च्या 'अ‍ॅडम्स फॅमिली' या यंत्राच्या २०,२७० प्रती निघाल्या. पॅट लॉलर व लॅरी डीमार यांची ती रचना. परंतु १९९९ सालीं विल्यम्स कंपनीनें पिनबॉलचा धंदा बंद केला, आणि कांहीं काळ स्टर्न हीच एक उल्लेखनीय कंपनी उरली. आज पुन्हां अनेक उत्पादक या क्षेत्रांत आहेत. त्यांचा ग्राहक मात्र पूर्वींसारखा दुकानदार नसून बव्हंशीं घरगुती संग्राहक आहे.

एवढी पार्श्वभूमि पाहिल्यावर आमच्यापुढें तीन पर्याय उरतात : फ्लिपरपूर्व काळांतील एखादें मेजावरचें यंत्र, १९४७ ते १९७७ या काळांतील रिले व चाकांचें यंत्र, किंवा १९९० नंतरचें बोलकें यंत्र.

पहिल्याचा मोह जागेसाठीं होतो. परंतु तें घेतल्यास आमच्या बॅगाटेलचीच एक महाग आवृत्ति घरांत येईल. तिसऱ्याच्या बाजूनें घरांतील तरुण मंडळी आहेत, आणि त्यांचें म्हणणें पोकळ नाहीं. ज्या यंत्रावर कोणी खेळत नाहीं तें खेळाचें यंत्र कसलें, असें तीं विचारतात. याचा दाखला संग्रहांतच आहे. सावंतवाडीच्या राजघराण्यानें प्रयत्नपूर्वक गंजिफेची चित्रकला वांचविली, ही मोठी गोष्ट. पण आज तीं पानें चौकटींत लावणारे पुष्कळ आणि डाव मांडणारे विरळा. वस्तु राहिली, खेळ ओसरला. सार्वजनिक जागाही कायमच्या नसतात : बोरिवलीपलीकडे गोराईस १९८९ सालीं उघडलेलें एस्सेलवर्ल्ड २०२२ सालीं बंद पडलें. तेव्हां यंत्र खेळतें राहिलें पाहिजे, हें तरुणांचें तत्त्व आम्हांस पूर्ण मान्य आहे. मतभेद आहे तो त्यावरून काढलेल्या निष्कर्षाविषयीं.

यंत्र खेळतें राहावयाचें तर तें येथें दुरुस्त होऊं शकलें पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने उपनगरांतील दमट हवा लोखंडास गंज चढविते आणि लांकूड फुगविते. रिलेच्या यंत्रांत बिघाड झाला, तर तो डोळ्यांस दिसतो : कोठें संपर्कपट्टी काळवंडलेली असते, कोठें तार सुटलेली असते, कोठें आंकड्यांचें चाक अडकलेलें असतें. लॅमिंग्टन रस्त्यावर मिळणारी तार, डाख व थोडा धीर एवढ्यावर पुष्कळ काम भागतें. उलट, नव्या यंत्राच्या पाटीवरील चिप निकामी झाली, तर तिच्याकडे पाहून कांहींच उमगत नाहीं. बहुधा पाटीच बदलावी लागते. विजेचाही प्रश्न आहे. अमेरिकेची वीज सुमारें ११५ व्होल्ट व ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवितो, पण आवर्तनें बदलीत नाहीं. त्यामुळें अमेरिकेसाठीं बांधलेल्या जुन्या यंत्रांतील मोटर येथें मंद फिरते. सुदैवानें गॉटलिबचीं पुष्कळ यंत्रें फ्रान्स-इटलीकडे जात, आणि तेथील वीज आपल्यासारखीच. यास्तव निर्यातीकरितां बांधलेलें यंत्र शोधणें श्रेयस्कर.

त्यांतही एक विशिष्ट जात आम्हीं निवडली आहे. जिंकणाऱ्यास फुकट डाव देणें हेंही एक बक्षीसच, असें कित्येक ठिकाणच्या कायद्यांनीं ठरविलें होतें. त्यावर तोड म्हणून गॉटलिब कंपनीनें १९६० सालीं 'फ्लिपर' हें यंत्र काढलें. त्यांत चांगलें खेळणाऱ्यास फुकट डाव न मिळतां चालू डावांतच एक जादा गोळी मिळे. वकिली सुटकेसाठीं निघालेली ही युक्ति आम्हांस मात्र फार सुंदर वाटते. खेळाचें पारितोषिक काय, तर आणखी थोडा खेळ! ना पैसा, ना पुढच्या डावाची हुंडी. दैव आणि कौशल्य यांच्या शंभर वर्षांच्या भांडणांत इतका समंजस निवाडा दुसऱ्या कोणत्याही यंत्रानें दिलेला आम्हांस आढळत नाहीं.

म्हणून आमचा कौल १९६० नंतरच्या दशकांतील, युरोपाकरितां बांधलेल्या, जादा गोळी देणाऱ्या गॉटलिबच्या यंत्रास आहे. त्याचें वजन शंभर किलोंहून अधिक भरेल, त्यास सुमारें साडेचार फूट लांब व अडीच फूट रुंद जागा लागेल, आणि पाय व मागची पेटी काढल्याविना तें इमारतीच्या लिफ्टमध्यें शिरणार नाहीं. तें बोलणार नाहीं, त्याचें गाणें म्हणजे दोनतीन घंटांचा नाद. तरुण मंडळींनीं एक अट घालून संमति दिली आहे : यंत्रावर कापड घालून तें झांकून ठेवावयाचें नाहीं, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानें निदान एक डाव खेळलाच पाहिजे. ही अट आम्हीं आनंदानें मान्य केली आहे. गंजिफेच्या बाबतींत ती कोणी पन्नास वर्षांपूर्वीं घातली असती, तर आज चौकटी थोड्या कमी दिसल्या असत्या आणि डाव थोडे अधिक रंगले असते.