मोठ्या आतड्याचा प्राथमिक लिम्फोमा : निदानाचा इतिहास आणि गोंदिया जिल्हा

मोठ्या आतड्याचे बहुतांश कर्करोग त्याच्या आतील अस्तराच्या ग्रंथिपेशींपासून उद्भवतात. लसिकापेशींपासून तेथेच उद्भवणारा प्राथमिक लिम्फोमा अत्यंत दुर्मिळ असून त्याचे प्रमाण या कर्करोगांत एक टक्क्याहूनही कमी आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या निदानाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

लसिकाग्रंथींच्या विकारांचे पद्धतशीर वर्णन लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये केले. परंतु आतड्यातील लिम्फोमा मूळचा तेथलाच की अन्यत्र उद्भवून तेथे पसरलेला, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. १९६१ मध्ये डॉसन, कॉर्न्स व मॉर्सन यांनी त्यासाठी पाच निकष मांडले : बाह्य लसिकाग्रंथी वाढलेल्या नसाव्यात; छातीच्या क्ष-किरण चित्रात मध्यभागातील ग्रंथी मोठ्या नसाव्यात; श्वेतपेशींची संख्या प्राकृत असावी; शस्त्रक्रियेत विकार मुख्यतः आतड्यात व लगतच्या ग्रंथींतच आढळावा; आणि यकृत व प्लीहा निर्दोष असावीत. म्हणजेच ‘प्राथमिक’ हे विशेषण इतर शक्यता निरस्त केल्यावरच लावता येते.

हे निकष शस्त्रक्रियेवर अवलंबून होते. पुढे कोलोनोस्कोपीमुळे पोट न उघडता ऊतीचा नमुना घेणे शक्य झाले. मात्र हा विकार अस्तराखालील थरात वाढत असल्याने उथळ नमुन्यात तो निसटू शकतो. १९७५ मध्ये कोलर व मिल्स्टाइन यांनी एकजिनसी प्रतिपिंडे निर्माण करण्याची पद्धत शोधली. त्यातून विकसित झालेल्या चाचण्यांनी पेशींचा प्रकार निश्चित होऊ लागला.

महाराष्ट्रात १९४१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाच्या विकृतिशास्त्राचा पाया घातला. विदर्भात नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याला असे महाविद्यालय २०१६ मध्ये लाभले.

हा कालक्रम महत्त्वाचा ठरतो, कारण भारतात या विकाराचा सर्वांत फसवा प्रतिरूप म्हणजे आतड्याचा क्षय. ताप, वजन घटणे, पोटदुखी आणि उजव्या बाजूची गाठ ही लक्षणे दोहोंत आढळतात. लिम्फोमाही बहुधा मोठ्या आतड्याच्या आरंभी, उंडुकातच होतो. ऊतीपरीक्षेविना केवळ अनुमानाने क्षयाचे उपचार सुरू झाल्यास लिम्फोमाच्या रुग्णाचे मोलाचे महिने वाया जातात.

सारांश, या निदानाचा इतिहास हा अनुमानाकडून ऊतीच्या पुराव्याकडे झालेला प्रवास आहे. सूक्ष्मदर्शक आणि तो वाचणारा विकृतितज्ज्ञ रुग्णाच्या जिल्ह्यात उपलब्ध असणे, हाच त्या प्रवासाचा पुढील टप्पा होय.