वामनदादा कर्डक आणि नाशिक जिल्ह्यातील भीमगीतांची परंपरा

लोककवी वामन तबाजी कर्डक (1922–2004) हे भीमगीतांच्या परंपरेतील सर्वांत प्रभावी कवी-गायक मानले जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवन, विचार आणि त्यांनी उभारलेला लढा हा विषय असलेले, समूहासमोर वाद्यांच्या साथीने गायले जाणारे गीत म्हणजे भीमगीत. 1956 च्या धर्मांतरानंतर बुद्ध आणि धम्म हे विषयही त्यात मिसळले. वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. साठ वर्षांहून अधिक काळ ते गीते रचत आणि गात राहिले.

या परंपरेचे मूळ जलशात आहे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा प्रचारासाठी वापरला आणि त्यातून सत्यशोधक जलसा उभा राहिला. तमाशातील गण, बतावणी आणि वग हे भाग त्यांनी ठेवले, पण गणपतीचे स्तवन आणि कृष्ण-गवळणींचा शृंगार काढून टाकला. त्या जागी भटशाही, सावकारी आणि शिक्षणाचा अभाव हे विषय आले. आंबेडकरी चळवळीने हाच साचा उचलला. तमाशात गाणारे, ढोलकी वाजवणारे आणि सोंगाड्याचे काम करणारे अनेक कलावंत अस्पृश्य समाजातले होते. कला त्यांच्या घरात होती. तिचा हेतू चळवळीने बदलला.

नाशिक जिल्हा या बदलाचे एक मुख्य केंद्र ठरला. 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि तो 1935 पर्यंत चालला. दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख नेते होते. याच काळात भीमराव कर्डक यांनी नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला. गावोगावच्या सभांआधी आणि सभांनंतर हा जलसा होई. मृत जनावरे ओढणे सोडा, मुलांना शाळेत घाला, गावकीची कामे नाकारा, हा उपदेश त्यात संवाद आणि गाण्यांतून येत असे. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखेच, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण चळवळीत सर्वत्र सांगितली जाते. भीमराव कर्डकांनी पुढे ‘आंबेडकरी जलसे’ या पुस्तकात या कार्याची नोंद केली.

13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. येवल्याहून जवळच असलेल्या मनमाडला 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी त्यांच्या उपस्थितीत परिषदा भरल्या. त्यांपैकी पहिली जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची होती. मनमाड हे रेल्वेचे जंक्शन. मुंबई–भुसावळ हा मुख्य मार्ग, दौंडकडे जाणारा मार्ग आणि निजामाच्या राज्यात शिरणारा मीटरगेज मार्ग येथे एकत्र येत. रुळांवर गँगमन म्हणून राबणाऱ्यांत अस्पृश्यांचे प्रमाण मोठे होते. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत, म्हणून अस्पृश्याला त्या जागेवर घेतले जात नाही, हे बाबासाहेबांनी या कामगार परिषदेतील भाषणात दाखवून दिले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही त्यांची प्रसिद्ध मांडणी याच भाषणातली. पुढे वामनदादांच्या गीतांत जात आणि पोट हे दोन प्रश्न एकत्र येतात, त्यामागची वैचारिक भूमी हीच आहे.

वामनदादांचे बालपण देशवंडीत गेले आणि शाळेत जाणे त्यांच्या वाट्याला आले नाही. पोटासाठी ते मुंबईत आले. गिरणीत, कोळशाच्या वखारीत अशी मिळतील ती कामे त्यांनी केली, चिक्कीही विकली. शिवडीच्या बीडीडी चाळीत त्यांचे वास्तव्य होते. तिथे कुणीतरी एक पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि आपल्याला वाचता येत नाही याची लाज त्यांच्या मनाला लागली. देहलवी नावाच्या गुरुजींकडून त्यांनी मोठ्या वयात अक्षरे गिरवली. दुकानांच्या पाट्या वाचत हा अभ्यास पक्का झाला. आंबेडकरी चळवळीच्या समता सैनिक दलात ते याच सुमारास सामील झाले. चित्रपटात नट व्हावे या ओढीने त्यांनी स्टुडिओंचे उंबरेही झिजवले, पण एक्स्ट्राच्या कामापलीकडे तिथे काही मिळाले नाही.

1943 साली त्यांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होते. बाबासाहेबांना त्यांनी प्रथम पाहिले तेही त्याच वर्षी. त्यानंतर त्यांच्या गीतांचा विषय ठरून गेला.

परिचित चाल उचलण्याची ही सवय त्यांनी जाणीवपूर्वक जोपासली. चित्रपटगीते, कव्वाली, भजन, लावणी, पोवाडा अशा सर्व प्रकारांच्या चाली त्यांनी वापरल्या. ऐकणाऱ्याच्या कानात चाल आधीच बसलेली असे, त्यामुळे नवे शब्द पहिल्याच ऐकण्यात पाठ होत. ज्या समाजातील बहुसंख्य माणसांना छापील मजकूर वाचता येत नव्हता, तिथे ही सोय फार मोलाची होती. ध्रुवपद आटोपशीर असे, कडव्यांत एकेक दाखला येई आणि शेवटच्या कडव्यात संतकवींच्या रीतीप्रमाणे ‘वामन’ ही नाममुद्रा येई. पुढे गाणे कुणीही गायले तरी कवीचे नाव या मुद्रेमुळे टिकून राहिले.

भीमगीतांच्या कार्यक्रमाची रचनाही ठरलेली आहे. मुख्य गायक, त्याच्या बाजूला पेटी आणि ढोलक वाजवणारे, मागे कोरस धरणारे दोघे-तिघे, अशी ही गायन पार्टी असते. मुख्य गायक ओळ म्हणतो, कोरस ती उचलतो आणि ध्रुवपदाला श्रोतेही सामील होतात. दोन कडव्यांच्या मधे गायक प्रसंग सांगतो, प्रश्न विचारतो, टोला हाणतो. कव्वालीच्या प्रभावाने पुढे दोन पार्ट्यांचा ‘सामना’ लोकप्रिय झाला. 14 एप्रिलची जयंती, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि 6 डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन हे या कार्यक्रमांचे मुख्य दिवस. शिवाय लग्न, नामकरण आणि पुण्यानुमोदनाच्या निमित्तानेही गायन होते. वामनदादा महाराष्ट्रभर असे गावोगाव फिरत राहिले.

बाबासाहेबांच्या गौरवापुरती त्यांची गीते थांबत नाहीत. पुढाऱ्यांची फाटाफूट, अनुयायांचा ढिलेपणा, शिकून शहरात गेल्यावर गावाला विसरणारा नोकरदार यांच्यावर त्यांनी कठोर टीका केली. बाबासाहेबांच्या विचाराचे खरे अनुयायी किती, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्याच समाजाला विचारला. देशातील संपत्तीत कष्टकऱ्यांचा वाटा कुठे आहे, हे त्यांनी मोठ्या उद्योगपतींची नावे घेऊन विचारले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. जमिनीचा हा प्रश्न वामनदादांच्या गीतांतही आहे. स्त्रीचे कष्ट, व्यसन, शिक्षण आणि माणुसकी हे विषय वारंवार येतात. शब्द बोलीतले, साधे असतात. यमकांची गुंफण मात्र बारकाईने केलेली असते.

‘वाटचाल’, ‘मोहळ’ आणि ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे गीतसंग्रह 1970 च्या दशकात प्रसिद्ध झाले. ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे त्यांचे आत्मकथन आहे. ‘सांगत्ये ऐका’ आणि ‘पंचारती’ या चित्रपटांसाठीही त्यांनी गीते लिहिली. त्यांची असंख्य गीते मात्र तोंडी रचली गेली आणि गाणाऱ्यांच्या वह्यांत राहिली. 1960 नंतर छापील दलित कवितेची समीक्षकांनी दखल घेतली, पण गायल्या जाणाऱ्या या काव्याकडे साहित्यविश्वाचे बराच काळ दुर्लक्ष झाले. 1993 साली वर्धा येथे भरलेल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वामनदादांना मिळाले, तेव्हा या उपेक्षेची काही प्रमाणात भरपाई झाली. 15 मे 2004 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा प्रभाव तीन अंगांनी टिकला आहे. पहिले अंग शिष्यपरंपरेचे. खानदेशातील प्रतापसिंग बोदडे यांच्यासारख्या कवी-गायकांनी त्यांना गुरू मानले आणि नाममुद्रेची, परिचित चालीची रीत पुढे चालवली. दुसरे अंग ध्वनिमुद्रणाचे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या पिढीने भीमगीत तबकडीवर नेले, तर 1980 नंतर कॅसेटमुळे ते वस्त्यावस्त्यांत पोहोचले. वामनदादांची गीते या सर्व माध्यमांतून गायली गेली. तिसरे अंग चळवळीचे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यापासून आजच्या विद्रोही शाहिरांपर्यंत, मोर्चात आणि सभेत गाणे हे प्रबोधनाचे साधन मानले जाते. आज एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात यांच्यासारख्या गायिका मोबाइलवरून लाखो श्रोत्यांपर्यंत पोहोचतात. विद्यापीठांतील संशोधकही आता वामनदादांच्या गीतांकडे मराठी काव्य म्हणून आणि सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून पाहतात.